काचेवरचा चिखल

माणसाला कोणत्या वस्तूची किंमत केव्हा कळेल, याचा काही नेम नसतो. छत्रीची आठवण पावसात होते, कंदिलाची अंधारात होते आणि सुईची आठवण सदऱ्याचे बटण तुटल्यावर होते. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये समोरची काच धुण्यासाठी पाण्याचा फवारा उडविण्याची एक सोय आहे. ती आहे हे मला ठाऊक होते. परंतु तिच्याविषयी विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यातील एका संध्याकाळी, पसरणीच्या घाटात, ती वेळ आली.

मी वाईस राहतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा जवळच्या पैशांतून ही व्हॅन मी जुनीच विकत घेतली. आता तिला अठरा वर्षे झाली आहेत. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर मी तिची रीतसर तपासणी करविली आणि नोंदणीही पुन्हा करून घेतली. रंग फिका पडला आहे, दार लावताना दोनदा ओढावे लागते. तथापि गाडी इमानी आहे. शेजारपाजारच्या मुलांना स्पर्धांना नेणे, ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पोहोचविणे, असली कामे ती आणि मी मिळून करतो.

त्या दिवशी पाचगणीला वक्तृत्वस्पर्धा होती. चार मुलांना घेऊन मी गेलो होतो. स्पर्धा आटोपून आम्ही परत निघालो, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. घाटातून खाली धोम धरणाचे पाणी चमकत होते. मागच्या आसनावर तीन मुलांचा, बक्षीस कोणाला मिळायला हवे होते यावर वाद चालला होता. माझ्या शेजारी बसलेली सातवीतली मुलगी मात्र गप्प होती. कारण बक्षीस तिलाच मिळाले होते.

इतक्यात समोरून एक मालमोटार वेगाने वर आली. रस्त्याच्या खळग्यात तांबड्या मातीचे पाणी साचले होते. तिचे चाक त्यात गेले आणि तो सगळा चिखल आमच्या काचेवर येऊन आदळला. मी वायपर सुरू केला. भर पावसात वायपरला पावसाचेच पाणी मिळते; म्हणून सारा पावसाळा माझे काही अडले नव्हते. आता पाऊस नव्हता. वायपरने तो चिखल पुसला नाही, तर पोतेऱ्याने जमीन सारवावी तसा तो काचभर सारवला. मी फवाऱ्याची कळ ओढली. पाण्याचा एक थेंबही आला नाही. पुन्हा ओढली. काही नाही. समोर रस्ता दिसेना, दरी दिसेना. दिसत होता तो केवळ तांबडा पडदा.

गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास होता. हिशोब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे दर सेकंदाला १० मीटर. मी कळ ओढण्यात तीन सेकंद घालविले असतील, तर आमची गाडी ३० मीटर अंतर डोळे बांधल्यासारखी चालून गेली होती. मी ब्रेक दाबला, डोके खिडकीबाहेर काढले आणि रस्त्याच्या कडेला गाडी कशीबशी उभी केली. पाहतो तो पुढे चार-पाच हातांवर एक म्हातारा आपल्या दोन म्हशींना हाकीत शांतपणे चालला होता. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. आपल्या पाठीमागे काय घडता घडता राहिले, हे त्याला कधीच कळणार नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. मुलांचा वाद थांबला होता. शेजारच्या मुलीने न बोलता आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्या पाण्याने काच धुऊन आम्ही घाट उतरलो.

खिडकीबाहेर डोके काढून गाडी हाकण्याचा तो प्रसंग आठवला, की मला मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंची आठवण होते. थंडीच्या दिवसांत त्या न्यूयॉर्कला गेल्या असता ट्रामगाडीचा चालक समोरची काच उघडी ठेवून, बोचऱ्या वाऱ्यात व भुरभुरत्या बर्फात, रस्ता पाहण्याची धडपड करीत असलेला त्यांनी पाहिला. गाडीतल्या इतर उतारूंनीही ते पाहिलेच असेल. परंतु यावर काही उपाय असला पाहिजे, हा विचार त्यांच्याच मनात आला. आतून दांडा फिरवून बाहेरची काच पुसण्याच्या साधनाचा एकस्वाधिकार त्यांना १९०३ साली मिळाला. पुसण्याच्या सोयीला धुण्याच्या सोयीची जोड पुढे मिळाली. मोटारीत इंजिन मोठे, चाके मोठी. त्यांच्यापुढे हा पाण्याचा फवारा अगदीच क्षुल्लक. परंतु चालकाला रस्ता दिसला नाही, तर इंजिनाची शक्ती हीच आपली वैरी होते, हे मला त्या संध्याकाळी कळून चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. त्याने हात पुसले, नमस्कार केला आणि विचारले, "काय झाले, सर?"

"फवाऱ्याची मोटर जळाली आहे. नवी बसव," मी म्हणालो.

"सर, आधी आवाज ऐकू या का?"

"त्यात ऐकायचे काय? पाणी येत नाही, एवढे पुरे आहे. बसव नवी."

तो पुढे काही बोलला नाही. वर्गात मी एकदा उत्तर सांगितले, की कोणी पुढे बोलत नसे. ती सवय त्याची अजून मोडली नव्हती आणि माझीही नव्हती. त्याने नवी मोटर आणवून बसविली. काही शे रुपये खर्च झाले. मी मोठ्या ऐटीत कळ ओढली. काचेवर पाणी आले नाही.

"सर, आता पुढचे पाहू या," तो हळूच म्हणाला. वस्तुतः तेच करायला हवे होते. परंतु चुकीचे उत्तर फळ्यावर लिहून बसलेल्या शिक्षकासारखी माझी अवस्था झाली होती. "राहू दे, मला आज वेळ नाही," असे म्हणून मी गाडी घरी आणली.

रविवारी अंगणात गाडी उभी करून मी पुन्हा कळ ओढीत बसलो होतो. शेजारची ती मुलगी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "आजोबा, घाटातसुद्धा असाच आवाज येत होता."

"कसला आवाज?"

"हाच. घूं घूं. तुम्ही कळ ओढलीत की येतो."

मी चमकलो. आमच्या व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखालीच असते. त्याच्या घरघरीत आणि माझ्या सदुसष्ट वर्षांच्या कानांना तो बारीक आवाज घाटात ऐकू आला नव्हता. म्हणजे जुनी मोटर जळालेली नव्हतीच! ती बिचारी तेव्हाही फिरत होती. मी मुलीला विचारले, "मग तू तेव्हाच का नाही सांगितलेस?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुम्ही रागावला होतात."

हे उत्तर ऐकून मला फार वाईट वाटले. गॅरेजमध्ये मिस्त्री गप्प राहिला होता, गाडीत ही मुलगी गप्प राहिली होती. दोघांनाही ठाऊक होते. मला एकट्यालाच ठाऊक नव्हते, आणि नेमका मीच बोलत होतो. "प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा," असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो. येथे मी प्रश्न वाचण्यापूर्वीच उत्तर लिहून मोकळा झालो होतो.

मी तिला आत बोलावले. म्हटले, "ये, आपण दोघे मिळून पाहू. आज तू विचार, मी उत्तरे देतो."

त्या वेळी मला माझ्या आईची आठवण झाली. माझ्या लहानपणी घरात पितळेचा, तीन पायांचा, हवा भरायचा रॉकेलचा स्टोव्ह होता. कधी कधी तो नीट पेटत नसे. ज्योत पिवळी होई, भांड्यांना काजळी धरे. आई शाळेत फारशी गेली नव्हती. परंतु तिची पद्धत ठरलेली होती. प्रथम ती स्टोव्ह हलवून आत रॉकेल आहे की नाही हे पाही. मग पंप मारून हवा धरते का, हे पाही. धरत नसेल, तर दट्ट्याचा चामड्याचा वायसर सुकला असे समजून त्याला तेलाचे बोट लावी. हे दोन्ही ठीक असेल, तरच ती फडताळातली पिन काढून बर्नरच्या छिद्रात घाली. टाकीपासून ज्योतीपर्यंतच्या वाटेवर ती पायरीपायरीने जात असे. एखादी पायरी तिने गाळलेली मला आठवत नाही. काच धुण्याचा फवारा हे त्या स्टोव्हचेच भावंड! त्यातही टाकी आहे, पंप आहे, नळी आहे आणि शेवटी बारीक छिद्राची तोटी आहे. फरक इतकाच, की येथे हाताऐवजी विजेची लहानशी मोटर पंप चालविते.

"टाकीत पाणी आहे का?" मुलीने पहिला प्रश्न केला. झाकण काढून पाहिले. पाणी होते. "मोटर चालते का?" इंजिन बंद ठेवून, केवळ किल्ली फिरवून कळ ओढली. आता तो आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला. आवाज आला, याचा अर्थ फ्यूज शाबूत आहे, तारा शाबूत आहेत आणि कळही शाबूत आहे. एका आवाजाने इतक्या गोष्टी निर्दोष ठरल्या! आवाज आला नसता, तर आम्हांला प्रथम फ्यूज पाहावा लागला असता. आणि मोटर बदलण्याचा विचार त्याच्याही नंतर करावा लागला असता.

राहिली पाण्याची वाट. टाकीपासून एक नळी निघते. पुढे ती एका तिकोनी जोडापाशी दुभंगते आणि तिच्या दोन फांद्या काचेखालच्या दोन तोट्यांना जातात. अशा वेळी वाट मधोमध तोडून पाहावी, म्हणजे अर्धे काम एकदम होते. आम्ही तिकोनी जोडापाशी मुख्य नळी ओढून काढली, तिचे टोक बादलीत धरले आणि कळ ओढली. पाण्याची जोरकस धार बादलीत पडली. मुलीने टाळ्या वाजविल्या. टाकी, मोटर आणि अर्धी नळी यांची निर्दोष सुटका झाली. दोष उरलेल्या वाटेत कोठेतरी दडला होता.

आम्ही तोट्या काढल्या. त्यांचे छिद्र इतके लहान असते, की सुईचे टोकही जेमतेम जावे. दोन्ही छिद्रांवर पांढुरकी खपली धरली होती. ती पाहताच कारण ध्यानात आले. मी टाकीत नेहमी आमच्या कूपनलिकेचे पाणी भरीत असे. ते पाणी जड आहे. त्यात साबणाचा फेस होत नाही. अशा पाण्याला शास्त्राच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. फवारा मारून झाला, की एखादा थेंब तोटीच्या तोंडाशी राहतो. उन्हाने त्यातले पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतो. आज एक कण, उद्या एक कण, असे करीत शेवटी दार बंद होते. आपल्या घरी पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तो याच जातीचा.

मुलगी म्हणाली, "पिनेने टोचू या." मी तिला थांबविले. बाहेरून टोचले, तर खपलीचा चुरा आत जाऊन पुन्हा अडकतो. आम्ही वाटीत लिंबाचा रस काढला आणि दोन्ही तोट्या त्यात बुडवून ठेवल्या. लिंबाच्या आम्लाने चुन्याचा क्षार विरघळतो. त्यातून बारीक बुडबुडे निघताना दिसले. तासाभराने तोट्या साध्या पाण्याने धुतल्या आणि बारीक टोकाच्या बाजूने उलट फुंकर मारली. उरलासुरला कचरा आतल्या रुंद तोंडातून बाहेर पडला. तोट्या जागेवर बसविल्या, नळ्या जोडल्या, कळ ओढली. उजव्या तोटीतून पाण्याची सुरेख धार काचेवर उडाली. डावीतून मात्र पाणी नुसते पाझरले.

येथे आणखी एक धडा शिकायचा होता. एक दोष सापडला, की शोध संपला असे आपण समजतो. परंतु एका दोषाच्या आडोशाला दुसरा बसलेला असू शकतो. मुलीने गाडीत वाकून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, येथे पायाशी ओले होत आहे." ती जागा सारा पावसाळा ओलसर असे. दारातून पाऊस आत येत असेल, असे मी समजून चाललो होतो. आता नीट पाहिले, तर डाव्या तोटीकडे जाणारी नळी टोकापाशी चिरलेली दिसली. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ती कडक झाली होती. तोट्या बंद झाल्यावर कोंडलेल्या पाण्याने दुबळी जागा शोधून तेथून वाट काढली होती. नळी थोडी लांब होती. चिरलेला बोटभर तुकडा कापून टाकला, नवे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केले आणि तोटीवर घट्ट बसविले. या वेळी दोन्ही धारा एकदम उडाल्या.

उजवीकडची धार गाडीच्या टपावरून पलीकडे जात होती. तोटीत बसविलेली गोळी सुईच्या टोकाने किंचित फिरवून आम्ही ती काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडेल अशी केली. कारण गाडी वेगात असली, की वारा धारेला खाली दाबतो. टाकीतले जुने पाणी काढून टाकले. आता मी तिच्यात गाळून घेतलेले पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घालतो. टाकी रिकामी असताना कळ ओढीत नाही, कारण कोरडी फिरली तर मोटर खरोखरच जळते. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी, चाकांतील हवा पाहतो त्याप्रमाणे, एकदा फवारा मारून पाहतो. या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही.

सगळे झाल्यावर मुलीने विचारले, "मग त्या जुन्या मोटरचे काय केलेत?" मी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री एका गाडीखाली निजून काम करीत होता. तो बाहेर येईपर्यंत मी उभा राहिलो. मग त्याला म्हणालो, "परवा तू आवाज ऐकू या म्हणालास, ते बरोबर होते. मी ऐकायला हवे होते."

तो संकोचला. "असू द्या, सर," म्हणत त्याने मांडणीवरून कागदात गुंडाळलेली एक लहानशी पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. तीत माझी जुनी मोटर होती. "चांगली आहे, म्हणून ठेवली होती. तुम्ही याल असे वाटले होते," तो म्हणाला.

ती मोटर आता माझ्या मेजाच्या खणात असते. पुढेमागे गाडीला तिचा उपयोग होईलच. पण तोपर्यंत माझा थोडा उपयोग होतो. एखादे लहान मूल माझ्यासमोर काही सांगू लागले आणि "मला ठाऊक आहे" हे शब्द माझ्या ओठांवर आले, की मी तो खण उघडून पाहतो आणि त्याचे बोलणे आधी ऐकून घेतो.